तिसरीतल्या लेकीला घरी पाचवी-सहावीचं गणित: दहा महिन्यांचा अनुभव

जून २०२४ पासून मी माझ्या तिसरीतल्या लेकीला घरीच पुढच्या वर्गांचं गणित शिकवतेय. आम्ही धाराशिवला राहतो, शाळा मराठी माध्यमाची, मी स्वतः बी.कॉम. वापरलं काय, तर बालभारतीची पाचवी आणि सहावीची पुस्तकं, एक चौकटीची वही आणि मधले तीन महिने पैसे भरून घेतलेलं एक ॲप. पुस्तकांची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. आम्ही लागतील तेवढीच पानं झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतो.

सुरुवात मात्र पुस्तकातून झाली नाही. आमच्या शहराला पिण्याचं पाणी उजनी धरणातून येतं. त्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं आणि घरोघरी पाण्याचाच विषय होता. पेपरातला मथळा वाचून लेकीने विचारलं, "आई, पाणी शून्याच्या खाली कसं जाईल? संपलं म्हणजे संपलं ना?"

मी तिला सांगितलं की उजनीत सगळं मिळून ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं तळातलं जवळपास ६४ टीएमसी म्हणजे मृतसाठा. त्याच्या वरच्या पातळीला शून्य टक्के म्हणतात, म्हणून त्याखालचं पाणी वापरायला काढलं की आकडा उणे होतो. स्वयंपाकघराच्या दाराआड खडूने एक उभी रेघ ओढली, मधोमध शून्य. ती बराच वेळ रेघेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे शून्य कुठं ठेवायचं ते आपणच ठरवलंय!" ऑगस्टमध्ये धरण भरलं तेव्हा उणे पन्नासपासून शंभरपर्यंत किती चढलं, हे तिने त्याच रेघेवर बोट फिरवून मोजलं. दीडशे. सहावीतल्या पूर्णांक संख्यांच्या बेरजा त्यानंतर तिला फारशा शिकवाव्या लागल्याच नाहीत. वजाबाकीला थोडा वेळ लागला, पण तिथेही ती आधी दाराआड जाऊन रेघ बघायची.

त्या यशाने मला घाई झाली आणि इथे माझी मोठी चूक झाली. पाचवीतले अपूर्णांक आठ दिवसांत उरकून मी थेट सहावीतल्या समीकरणांवर गेले. अक्षराची किंमत ती पटापट काढायची. मला वाटलं, गाडी रुळावर आहे. दिवाळीच्या सुमारास सहज १/२ + १/४ दिलं, तर तिने लिहिलं २/६. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी छेद समान करायची रीत पुन्हा सांगितली, तिने ती पाठ केली आणि चार दिवसांनी पुन्हा तेच उत्तर. रीत तिला येत होती, पण अर्धा आणि पाव म्हणजे काय हेच डोळ्यांपुढे नव्हतं. ते लेकरू रडवेलं झालं होतं आणि त्याला कारण मी होते.

वाट दाखवली सासूबाईंनी. त्यांच्याकडे धान्य मोजायची जुनी मापं आहेत: कोळवं, चिपटं, मापटं, शेर. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. त्यांनी ज्वारीचं पोतं उघडलं, नातीला समोर बसवलं आणि शेरात आधी एक मापटं ओतायला लावलं, मग एक चिपटं. "बघ की, पाऊण शेर व्हतंय का न्हाई?" नंतर मी वहीतलं २/६ दाखवलं आणि विचारलं, हे अर्ध्याहून जास्त की कमी? तिने सहातले दोन भाग रंगवले आणि स्वतःच खोडले. अर्ध्यात पाव घातल्यावर ते अर्ध्याहून कमी होणारच नाही, हे तिचं तिला दिसलं.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही अपूर्णांकांवरच होतो. आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचे पाढे, सगळं मुखोद्गत आहे. आठाचा पाऊण सहा हे लेक आता आजीकडून आधी तोंडी ऐकते आणि मग ३/४ × ८ करून पडताळते. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या शब्दांत आपल्या भाषेने अपूर्णांक आधीच शिकवून ठेवलेले आहेत, आणि मी ते बाजूला ठेवून छेद-अंशाच्या मागे लागले होते, याची मला आजही रुखरुख वाटते.

ॲपबद्दल थोडक्यात. व्हिडिओ सुंदर होते, पण भाषा हिंदी-इंग्रजीची सरमिसळ. न्यूमरेटर म्हणजेच अंश, हे जुळवण्यातच तिची शक्ती जायची. उत्तर बरोबर आलं की तारे मिळत, त्यामुळे ती ताऱ्यांसाठी अंदाज ठोकू लागली. बंद केलं.

शाळेतही एक अडचण आली. वर्गात सरांनी प्रश्न फळ्यावर लिहायच्या आत ही उत्तर ओरडायची आणि बाकीची मुलं हिरमुसायची. सरांनी मला बोलावून सांगितलं, ते मला पटलं. आता तिचं शेजारणीला समजावून सांगणं हेच वर्गातलं काम आहे, आणि समजावताना तिच्याच कल्पना पक्क्या होतायत.

सरावासाठी मला सगळ्यात उपयोगी पडला तो कापरेकरांचा खेळ. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधलेला हा आकडा: ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच (उत्तर तीन अंकी आलं तर डावीकडे शून्य धरून). फार तर सात वेळा केलं की ६१७४ येतंच. ३५२४ पासून ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. हातच्याच्या वजाबाकीची पानंच्या पानं तिने आपणहून भरली, कारण एखादी तरी संख्या चुकते का हे तिला पकडायचं होतं.

सध्या रोज पंचवीस मिनिटं, रविवारी सुट्टी. ती कंटाळली की वही मिटते. मोठे भागाकार अजून कच्चे आहेत. दशांश अपूर्णांक उन्हाळ्याच्या सुट्टीत घेणार, आणि तोवर दीडकी-अडीचकी पाठ करून घ्यायचं सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय.