काझीरंगा की दुधवा?

आमच्या बडोद्यात खंडेराव महाराजांच्या काळी गेंड्यांच्या झुंजी लावत. आजोबा ते वर्णन रंगवून सांगायचे आणि मला त्या जनावराची कणव यायची. यंदा गेंडा मोकळ्या रानात बघायचा ठरवलं, तेव्हा घरात दोन अभयारण्यांची नावं निघाली: आसामातलं काझीरंगा आणि उत्तर प्रदेशातलं दुधवा.

काझीरंग्याला तोड नाही. २०२२च्या गणनेत तिथे २६१३ गेंडे मोजले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजकेच उरले होते. हत्तीगवत हलतं, मादी बाहेर येते, कातडीच्या घड्यांत चिखल वाळून पांढुरका झालेला, आणि मागोमाग पिल्लू. पण इतकी मोठी ठेव एकाच ठिकाणी असणं मला धास्तीचं वाटतं. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा चढली की जनावरं महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्या गाठतात, काही वाटेतच दगावतात. शिकाऱ्यांचा डोळा असतो तो वेगळाच.

दुधवा हा त्या धास्तीवरचा उपाय. उत्तर प्रदेशच्या तराईतून, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यातून, गेंडा कधीच नाहीसा झाला होता. १९८४ साली आसामातून आणि पुढच्या वर्षी नेपाळहून गेंडे आणून तो पुन्हा वसवला. विजेच्या तारांच्या कुंपणात कळप वाढला खरा, पण बरीच पिल्लं एकाच नराची. बाहेरचं रक्त आणलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मुलांना गेंडा हमखास दाखवायचा असेल तर काझीरंगाच. आम्ही मात्र लखनौची तिकिटं काढली आहेत, पुढे दुधव्याजवळच्या पलिया गावापर्यंत गाडीने. नामशेष झालेल्या जागी परतलेला गेंडा मला बघायचा आहे, लांबून एकच दिसला तरी.