जबड्याची फिजिओ: मशीनचे पैसे वाया, बोटांचे वसूल

कान ठणकतो म्हणून मी तीन आठवडे कानात ड्रॉप टाकले, आणि कानाला काहीच झालेलं नव्हतं. मग एका रविवारी तर्री पोह्यातला चणा दाढेखाली आला आणि अशी कळ गेली कानशिलात की प्लेट तशीच ठेवून दिली. बहीण म्हणाली तोंड उघडून दाखव बरं. उघडलं तर जेमतेम दोन बोटं जात होती, ती पण खटका वाजून आणि जबडा डावीकडे वाकडा होऊन. आपलीच तीन बोटं उभी दातांमध्ये मावायला पाहिजेत, हे मला ४१ व्या वर्षी कळलं!

डेंटिस्टने ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एक्स-रे) काढला, दाढा ठीक आहेत म्हणाले, टीएमजे म्हणजे जबड्याच्या सांध्याचा त्रास आहे, रात्री दात खाता तर नाइट गार्ड (दातांवर बसवायचं कव्हर) घाला आणि फिजिओ करा. आता फिजिओ म्हणजे माझ्या डोक्यात गुडघे नाहीतर कंबर, जबड्याला काय करणार.

आधी गेले नागपुरातच वर्धा रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये. एसी, सोफा, सगळं चकाचक. रोज दहा मिनिटं अल्ट्रासाऊंड (सोनोग्राफी नाही, दुखण्यावर फिरवायचं मशीन) फिरवायचं मग टेन्सचे, म्हणजे हलका करंट देणारे पॅड लावायचे, आणि लावणारी मुलगी मोबाईल बघत बसायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, गाडी रहाटे कॉलनी चौकात येईपर्यंत परत तेच. ४०० रुपये सिटिंग, पाच सिटिंग झाल्या, पण तोंड किती उघडतं हे एकदाही कोणी मोजलं नाही, मानेला तर हातही लावला नाही. सोडून दिलं.

दुसरं धरमपेठेत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मॅडमनी पहिल्या दिवशी पाऊण तास नुसते प्रश्नच विचारले. कोणत्या बाजूने चावता, फोन खांद्यात धरून बोलता का, सुपारी खाता का (खाते, भाजकी, जेवण झालं की, लपवून काय फायदा). मग स्केल लावून मोजलं, २७ मिलीमीटर. चाळीसच्या वर पाहिजे म्हणाल्या. कानासमोर माझंच बोट ठेवायला लावलं आणि सांगितलं की इथे सांध्यात एक चकती असते, ती पुढे सरकते आणि तोंड उघडताना परत जागेवर येते तो हा खटका. नुसता वाजत असेल आणि दुखत नसेल तर त्याच्या मागे लागायचं नाही.

मग हातमोजा घालून बोट तोंडात, गालाच्या आतून, आणि अंगठा बाहेरून. त्या दोघांमध्ये चावायचा स्नायू धरला तर डोळ्यांत पाणीच आलं. सुताची गाठ असावी तसा लागत होता, आणि तिथे दाबलं की दुखायचं कानात! पुढचे दोन दिवस गाल इतका हुळहुळा होता की पोळी दुधात कुस्करून खाल्ली. हे आधी सांगायला पाहिजे होतं, मी तर घाबरलेच होते.

पण खरं काम घरच्या व्यायामाने केलं. सहा प्रकार, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. कंटाळवाणं आहे, खोटं नाही बोलणार. मुख्य म्हणजे जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला, 'न' म्हणताना लागतं तिथे ('ण' नाही हं), आणि जीभ न सुटता जेवढं उघडेल तेवढंच तोंड उघडायचं. एरवी ओठ मिटलेले पण दात एकमेकांना टेकवायचे नाही. जबडा सरळ खाली जातो का ते बघायला मी आरशावर उभ्या ओळीत पाच टिकल्या चिकटवल्या, मुलगा म्हणे आई तू काय करून राहिली.

सहा आठवड्यात आठ सिटिंग, ६०० रुपयाप्रमाणे. आता ४० मिलीमीटर उघडतं, कान दुखत नाही. खटका अजून वाजतो, वाजू दे. सुपारी मात्र बंद करावी लागली, त्याचं दुःख वेगळंच.

एक आहे, तुमच्या घरी कोणी खर्रा (सुपारी-तंबाखू) खात असेल आणि त्याचं तोंड उघडत नसेल, तिखटाने आग होत असेल, तर फिजिओकडे पळू नका, आधी डेंटिस्टला किंवा मेडिकलच्या (सरकारी दवाखान्याच्या) डेंटल कॉलेजात दाखवा. तो आजार वेगळा.

धरमपेठेतल्या मॅडमना पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण अपॉइंटमेंट सहाची आणि नंबर पावणेसातला, आणि संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा म्हणून मिळत नाही, सकाळचीच वेळ घ्या.