शिवारातल्या सेन्सरच्या नोंदी: ड्रोनने गोळा कराव्यात की टाकीवरच्या गेटवेने?

सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबाच्या बागांत, उसाच्या फडांत आणि विहिरींवर मातीचा ओलावा, पानांचा ओलेपणा किंवा पाण्याची पातळी मोजणारी बॅटरीवरची छोटी उपकरणे बसवू पाहणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा पाणलोट समितीला आधी ठरवावे लागते ते हे, की त्या नोंदी रानातून बाहेर कशा आणायच्या. त्यासाठी चार वाटा आहेत: प्रत्येक उपकरणात सिमकार्ड घालणे, गावातील उंच जागी लोरा (कमी विजेत छोटे संदेश लांबवर पाठवणारी रेडिओ पद्धत) गेटवे, म्हणजे उपकरणांचे संदेश ऐकून इंटरनेटवर पुढे धाडणारे यंत्र, बसवणे, मोटारसायकलवरून फिरून मोबाइलवर ब्लूटूथने नोंदी उतरवून घेणे, किंवा हे फिरणे ड्रोनकडे सोपवणे.

सिमकार्डाचा पर्याय चार-पाच उपकरणांपुरता ठीक आहे. २जी मॉड्यूल संदेश पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत वीज ओढते, तर लोराची प्रचलित चिप पूर्ण क्षमतेने पाठवतानाही सुमारे १२० मिलिअँपिअरवर भागवते. त्यामुळे सिमकार्डाच्या उपकरणाला बहुधा सौर पॅनेल जोडावे लागते, आणि रानातले पॅनेल किती दिवस जागेवर राहते हे शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

उरलेल्या तीन पर्यायांत निवड करताना पल्ला किंवा किंमत यांच्याही आधी एक गोष्ट पाहावी: नोंद किती शिळी झालेली चालेल? डाळिंबावरचा तेल्या रोग पाऊस, दमट हवा आणि साधारण २५ ते ३५ अंश तापमान यांत झपाट्याने पसरतो. पानांच्या ओलेपणाची नोंद त्याच दिवशी हाती आली तरच फवारणीचा निर्णय घेता येतो; आठवड्याने मिळालेली नोंद फार तर पंचनाम्याच्या उपयोगाची. शिवाय ज्या दिवशी ही नोंद सर्वाधिक हवी असते, त्याच दिवशी पाऊस आणि वारा असतो आणि लहान ड्रोन जमिनीवरच राहतो. म्हणून रोगाच्या पूर्वसूचनेसाठी ड्रोनचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विहिरीची किंवा बोअरची पातळी मात्र आठवड्याने, कधी महिन्याने कळली तरी बिघडत नाही, आणि ड्रोनची खरी जागा तेथे आहे.

गेटवेच्या बाजूने सोलापूरचा भूगोलच उभा आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानासारख्या सपाट मुलखात गावच्या पाण्याच्या टाकीवर अँटेना चढवली, तर कित्येक किलोमीटरवरची उपकरणे ऐकू येऊ शकतात, आणि लोरासाठी भारतात वापरला जाणारा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. अडचण येते ती ओढ्याच्या खोलगट भागात आणि टेकडीच्या आड. तसेच गेटवेला वीज आणि इंटरनेट दोन्ही लागत असल्याने भारनियमनाच्या वेळेसाठी बॅटरीची सोयही करावी लागते.

ड्रोनच्या बाबतीत ‘लोराचा पल्ला लांब, म्हणून ड्रोनवरही लोराच’ हा हिशेब सहसा चुकतो. दर १५ मिनिटांनी १२ बाइटची एक नोंद धरली, तर महिन्याला एका उपकरणाच्या सुमारे ३४ किलोबाइट नोंदी साठतात. लोराच्या सर्वांत लांब पल्ल्याच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे २५० बिटच्या वेगाने त्या उतरवायला १८ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात लहान ड्रोनची बॅटरी बहुतेक संपत आलेली असते. लोराच्या वेगवान मांडणीत हेच काम मिनिटभराचे होते, पण पल्ला घटतो. ब्लूटूथने ते काही सेकंदांत आटोपते, मात्र ड्रोनला उपकरणाजवळ जावे लागते. फक्त ताजी नोंद हवी असेल तर ड्रोनवर लोरा चालते. तो एका जागी शंभर मीटर उंच नेऊन थांबवला की वीस मिनिटांपुरता टॉवरच उभा राहतो.

दुसरी अडचण वेळ जुळवण्याची. वीज वाचवण्यासाठी उपकरण बहुतांश वेळ झोपलेले असते आणि हाक मारली म्हणून उठत नाही. उठण्याची वेळ घड्याळावर ठरवली, तर २० पीपीएम (दहा लाख सेकंदांत २० सेकंद) चुकीचे साधे क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद, म्हणजे महिन्याला जवळजवळ मिनिटभर सरकते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद डबीत तापल्यावर ही चूक आणखी वाढते. प्रत्येक भेटीत ड्रोनने घड्याळ जुळवून द्यावे, अशी सोय असलेलेच उपकरण घ्यावे. उड्डाणाचा मार्ग आखतानाही उपकरणाच्या बरोबर डोक्यावर थांबू नये, कारण उभ्या काडीच्या अँटेनाचा संदेश बाजूंना जोरात जातो आणि थेट वर फारच क्षीण. थोडे बाजूला थांबलेले बरे.

मोटारसायकलीशी तुलना केली तर वर्षातले बरेच महिने मोटारसायकलच स्वस्त आणि सोपी पडते. पावसाने काळी जमीन चिकटून बसली की बांधापर्यंतही गाडी जात नाही, तेव्हा उघडीप पाहून उडवलेला ड्रोन कामी येतो. वाढलेल्या उसात तर फरक आणखी मोठा आहे. बांधावरून येणाऱ्या ब्लूटूथच्या लहरींना अख्खा फड आडवा पार करावा लागतो आणि पानांतले पाणी त्या शोषून घेते, तर वरून त्यांच्या वाटेत फक्त शेंड्याकडची पाने येतात.

नियमांचा भाग खर्चाच्या हिशेबात आधीच धरावा. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, तर २ किलोपर्यंतचा मायक्रो गटात येतो. मायक्रो ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा असेल तर चालकाला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. ड्रोनसाठीच्या सरकारी हवाई नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीची गरज नाही, पण होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या आसपासच्या गावांनी तो नकाशा पाहिल्याशिवाय उड्डाण करू नये. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागत असल्याने एका जागेवरून लांबवरच्या सगळ्या विहिरी उरकता येत नाहीत. चालकाला गाडीने जागा बदलत जावेच लागते, आणि गाडी तिथवर पोहोचतच असेल, तर त्या विहिरीची नोंद मोबाइलवर उतरवून घेणेच सोयीचे.