शिलाई मशीनवर बसून सात महिने कादंबऱ्यांवरचे पॉडकास्ट ऐकले, त्याचा अनुभव

आखाडीपासून संक्रांतीपर्यंत, धरून चाला सातेक महिने झाले, मी मराठी पुस्तकांवरच्या गप्पांचे पॉडकास्ट ऐकतेय. मेहकर तालुक्यातलं खेडं आमचं, घरी ब्लाउज अन् फॉल-पिकोचं काम करते, सोयाबीन सोंगायचे दिवस सोडले तर रोजचे पाच-सहा तास मशीनवरच जातात. बीएला मराठी होतं पण लग्न झाल्यावर वाचन सुटलं ते सुटलंच, मग एक दिवस मोबाईलवर सदानंद देशमुखांच्या बारोमास या कादंबरीवरची चर्चा दिसली आणि लावली, कारण देशमुख आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातले. तेव्हापासून सवय लागली.

आधी कामाचं सांगते. व्हिडिओवाल्या ॲपवर फुकटात ऐकायचं तर स्क्रीन चालू ठेवावी लागते, बॅटरी दुपारपर्यंत संपते, म्हणून जिथं एपिसोड डाउनलोड करून ठेवता येतो तेच ॲप बघा. आमच्याकडे नेट स्लॅबवर गेल्यावरच नीट येतं, तर मी रात्री वर जाऊन दोन-तीन उतरवून घेते. मशीनला मोटर बसवलेली असेल तर फोनच्या स्पीकरवर काही कळत नाही, एका कानात इअरफोन घाला, दुसरा कान दारात कोणी आलं तर मोकळा. स्पीड वाढवून ऐकू नका, वऱ्हाडी बोलणारा पाहुणा असला तर मजाच जाते.

आता गप्पांबद्दल. बारोमास २००२ ची, तिला २००४ ला साहित्य अकादमी मिळालं, हे प्रत्येक एपिसोडला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात आणि मग बहुतेक सगळे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर जातात ते तिथंच राहतात. पण पुस्तकात एकनाथ आहे ना, शिकलेला पोरगा, मास्तरकी मिळत नाही कारण संस्थेला द्यायला पैसा नाही आणि वावरातही काही उरत नाही, त्याच्यावर कोणी तासभर बोलत नाही. माझा दीर डीएड करून बसलाय, एकतीस वर्षांचा झाला, पोरगी बघायला गेलो की पहिला प्रश्न नोकरी आहे का. मला त्या एकनाथबद्दल ऐकायचं होतं.

आणि अलका. एकनाथची बायको. ऐकलेल्या चार चर्चांपैकी तीन चर्चांत तिला भांडकुदळ म्हणून दोन वाक्यांत उडवून लावलं. मला ते लई लागलं. नोकरी लागेल या आशेवर दिलेली शिकलेली पोरगी आहे ती, तिचंही काहीतरी फसलंच आहे की! चौथ्या चर्चेत एक बाई होत्या, त्यांनी अलकाच्या बाजूनं अर्धा तास मांडलं, तो एपिसोड मी तीनदा ऐकला, ब्लाउजची बाही उलटी लागली तरी बंद नाही केला.

सगळ्यात जवळचा एपिसोड मात्र वेगळाच. पाहुणे पेरणीवर बोलत होते, बोलता बोलता सरतं हा शब्द आला. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं सरतं म्हणजे काय, आणि पाहुणे सांगायला लागणार तेवढ्यात हा म्हणाला, असो, पुढे जाऊया. त्या दिवशी इअरफोन तुटलेला म्हणून स्पीकरवर चालू होतं, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी हुक लावत बसलेल्या. म्हणाल्या, "अवं थांबव ती मशीन. काय म्हन्ला तो, सरतं? आन् पुढं काऊन गेला?" मग हातातला ब्लाउज खाली ठेवून त्यांनी मूठ करून दाखवली. पुढं तिफन, म्हणजे पेरणीचं अवजार चालतं, त्याच्या चाड्यात, म्हणजे बी टाकायच्या वाटीत, एक जण बी सोडतो, आणि मागं दोरीनं बांधलेलं सरतं, म्हणजे बी पडायची पोकळ नळी, धरून बाई चालते, तुरीचं बी त्याच मुठीतून अंगठ्यानं सरकवत सरकवत. दाणे जास्त पडले तर दाट, हात थांबला तर मधे खांडवं, म्हणजे रिकामी जागा. बोट दुखतं का विचारलं तर म्हणाल्या, बोटाचं काय नाही, पाय भरून येतात, ढेकळातून चालावं लागतं. पंधरा वर्षं झाली मला या घरात, हे मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून स्पीकरवरच लावते, मोटर बंद करून, पायानं मशीन चालवते, आवाज कमी होतो.

आवडती पुस्तकं विचारतात तो भाग बहुतेक ठिकाणी वाया जातो, पाहुणा धडाधड दहा नावं घेतो, समोरचा मस्त मस्त म्हणतो, संपलं. एकाच पाहुण्यानं फक्त एकच पुस्तक घेतलं, उद्धव शेळक्यांची धग ही कादंबरी, १९६० ची, आणि त्यातल्या नायिकेचं, कौतिकचं बोलणं वऱ्हाडीतच वाचून दाखवलं, अर्थ सांगत न बसता. आत्याबाई म्हणाल्या, ही तर आपल्यासारखीच बोलते. दुकानात फोन करून मागवली मी, बारोमास तालुक्याच्या ग्रंथालयात मिळाली, शिवण निघालेली, पानं सुटी. आता जेवणं झाली की रोज चार-पाच पानं मोठ्यानं वाचते. एका पॉडकास्टनं धगचा शेवट आधीच सांगून टाकला त्याचा राग आहे, ज्यांनी वाचली नाही त्यांनी पुस्तक आधी वाचा मग चर्चा ऐका.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या अलकावाल्या बाईंचा. देशमुखांच्या तहान या पाण्यावरच्या कादंबरीवर नीट तासाभराची चर्चा कुठं असली तर नक्की सांगा, आमच्या विहिरीनं मार्चमधे तळ गाठायच्या आत ऐकायची आहे. आत्याबाईंनी दोनदा विचारलंय.