बेसा परिसरातील घरगुती ब्रीडरकडून घेतलेले लॅब्रॅडॉरचे पिल्लू : एक परीक्षण

नागपुरात लॅब्रॅडॉरचे पिल्लू हवे असल्याचे चार जणांच्या कानावर घातले की संध्याकाळपर्यंत फोनवर छायाचित्रांचा पाऊस सुरू होतो. त्यांतील बहुतेक विक्रेत्यांची भाषा एकसारखी असते: पिल्लू पस्तीस दिवसांचे आहे, 'पंजा भारी' आहे, आई गावाला आहे आणि टोकन पाठवल्यास रविनगर चौकात गाडीवर आणून देता येईल. आम्ही त्या वाटेला न जाता बेसा भागात राहणाऱ्या एका निवृत्त दांपत्याकडून जानेवारीत मादी पिल्लू घेतले. त्यांच्याकडे एकच प्रजननक्षम मादी आहे, तिची पिल्ले घराच्या हॉलमध्येच वाढतात, आणि त्यांचे नाव मी येथे देत नसलो तरी त्यांच्या कामाचे परीक्षण सविस्तर करण्याजोगे आहे.

पहिल्या फोनवर किमतीचा विषय निघण्यापूर्वी त्या दांपत्यातील काकूंनीच आम्हाला प्रश्न विचारले. घरात दिवसभर कोण असते, घर भाड्याचे आहे का, मे महिन्यात कुत्र्याला कोणत्या खोलीत ठेवणार, गावाला जाताना त्याची सोय काय, आणि घरातल्या ज्येष्ठांची संमती आहे का, असे ते प्रश्न होते. माझ्या सासूबाई घरात असतात आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, हे ऐकल्यावर त्यांनी सर्वांत दांडगे पिल्लू आम्हाला मिळणार नाही, असे तेव्हाच स्पष्ट केले. ग्राहकाने येऊन आवडेल ते पिल्लू उचलायचे, ही पद्धत त्यांच्याकडे नाही; पिल्ले सात आठवड्यांची होईपर्यंत त्यांचे स्वभाव पाहून कोणते कोणाकडे जाईल, हे त्या ठरवतात. माझ्या पत्नीला ही अट प्रथम जाचक वाटली. माझ्या मते या व्यवहारातील सर्वांत मोलाची सेवा हीच आहे, कारण तासाभराच्या भेटीत आपल्याला झोपलेले पिल्लू शांत वाटते आणि नुकतेच जागे झालेले खोडकर वाटते, तर रोज सोबत राहणाऱ्या माणसाला त्यांच्यातला खरा फरक कळलेला असतो.

कागदपत्रे मागावी लागली नाहीत. कुत्र्यांचे प्रजनन व विक्री यासंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि ते प्रमाणपत्र हॉलच्या भिंतीवर लावलेले होते. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, मादी किमान अठरा महिन्यांची असावी आणि तिला आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेळा विऊ देऊ नये, हेही त्याच नियमांत आहे. जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद म्हणजे आरोग्याची हमी, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. ते कागद वंशावळ सांगतात. सांध्यांबद्दल त्यांतून काही कळत नाही. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो, म्हणून आई-वडिलांचा एक्स-रे पाहणे महत्त्वाचे ठरते. आईचा एक्स-रे आणि पशुवैद्यांचा अभिप्राय काकांनी फाइलमधून काढून दाखवला. नर मात्र बाहेरचा होता, त्याचा एक्स-रे त्यांच्याकडे नव्हता, आणि हा या ब्रीडरच्या कामातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा उणेपणा आहे. एवढी काळजी घेणाऱ्याने नराच्या मालकाकडूनही तो आग्रहाने मागायला हवा होता.

आता पिल्लांच्या संगोपनाविषयी, कारण खरे पैसे त्याचेच आहेत. पिल्लाला माणसे, आवाज, जागा यांची सवय लागण्याचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो, म्हणजे त्यातला निम्मा काळ ब्रीडरच्याच हातात जातो. या घरात पिल्लांची लाकडी पेटी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये होती. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा, धुणीभांडी करणाऱ्या ताईंची ये-जा, शेजारची शाळकरी मुले, हे सर्व त्यांच्या नित्याचे होते. पिल्ले नोव्हेंबरात जन्मली, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरच्या वराती आणि त्यांचे डीजेही त्यांनी ऐकले. बाहेर बँड वाजत असताना पिल्ले निवांत दूध पीत असल्याचे चित्रीकरण काकांनी आम्हाला पाठवले होते. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरून सांध्यांवर ताण येतो, म्हणून फरशीवर जुन्या सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि पाचव्या आठवड्यापासून पिल्लांना ऊन चढल्यावर अंगणातील माती व वाळूवर सोडले जाई. शी-शूसाठी मातीकडे जाण्याची सवय त्यांना तिथेच लागली, याचा आम्हाला घरी आल्यावर फार उपयोग झाला.

आईला भेटू देणे ही माझ्या मते खऱ्या ब्रीडरची पहिली कसोटी आहे. ही कुत्री आमच्या जवळ येऊन हात हुंगून शांतपणे पायाशी बसली आणि पिल्लांना हात लावल्यावरही तिने गुरगुर केली नाही. ती थोडी रोड झालेली व केस गळालेली दिसली; पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीचे तसे होतेच. उलट आई चकचकीत आणि तिची आचळे सुकलेली असती, तर मला शंका आली असती.

स्वच्छतेबाबत हे घर थोडे कडक आहे. चपला फाटकाबाहेर काढाव्या लागतात, हात धुतल्याशिवाय पेटीजवळ जाता येत नाही, आणि त्याच दिवशी दुसरीकडे पिल्ले पाहून आलेल्या माणसाला आत घेतले जात नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराचा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने तो खात्रीने मरत नाही, म्हणून येथे पातळ केलेल्या ब्लीचने पुसतात. जंतनाशकाचे पहिले औषध दोन आठवड्यांचे असताना व पुढे दर पंधरवड्याला दिलेले होते, आणि पहिली लस सहाव्या आठवड्यात झाली होती. लसीकरण कार्डावर कुपीचे लेबल, पशुवैद्यांची सही आणि नोंदणी क्रमांक होता. रोजच्या वजनाची वहीसुद्धा त्यांनी दाखवली. वहीत प्रत्येक पिल्लाची ओळख गळ्यातील दोऱ्याच्या रंगाने लिहिलेली होती, आणि आमची 'हिरवी' होती.

हिरवीच्या बेंबीपाशी लहानसा हर्निया असल्याचे काकूंनी आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच सांगितले आणि करारातही लिहिले. पिल्लू घरी आणल्यावर आम्ही ते सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात दाखवले. हृदय, दात, डोळे, कान, विष्ठा, सर्व ठीक निघाले, आणि हर्नियाबद्दलचे डॉक्टरांचे मत ब्रीडरच्या लेखी नोंदीशी जुळले: एवढा लहान हर्निया पुष्कळदा आपोआप मिटतो, न मिटल्यास नसबंदीच्या वेळी टाके घालता येतात.

किंमत २८,००० रुपये होती. त्याच सुमारास आम्हाला बारा हजारांतही पिल्ले सांगितली जात होती, त्यामुळे ही रक्कम स्वस्त म्हणता येणार नाही. तीत मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली चिप), पहिली लस, काही दिवसांचे खाद्य, आईच्या वासाचे फडके आणि फोनवरील अमर्याद सल्ला धरलेला आहे. द्राक्षे, मनुका, कांदा व चॉकलेट देऊ नये, हे छापील कागदावर होते. संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर व अंगणात पडलेला नायलॉन मांजा पिल्लू गिळू शकते किंवा पायात गुंडाळून घेऊ शकते, ही सूचना काकूंनी त्या कागदावर हाताने लिहून दिली होती, आणि नागपुरातल्या जानेवारीसाठी तीच सर्वांत उपयोगी ठरली. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नये, पण घरात कोंडूनही ठेवू नये, कडेवर घेऊन चौकातली वर्दळ दाखवावी, असेही त्यांनी सांगितले होते. आम्ही फुटाळा तलावाकाठी गाडीत बसून ते केले.

करारातील एका कलमावर मात्र माझा आक्षेप आहे. पिल्लू आजारी निघाल्यास पैसे परत करण्याची मुदत केवळ ७२ तासांची आहे. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहसा तीन ते सात दिवस जातात, कधी दोन आठवडेही लागतात, त्यामुळे ७२ तासांची हमी नेमक्या त्या आजाराला पुरत नाही. हे बोलून दाखवल्यावर काकांनी आमच्या प्रतीवर पेनाने 'चौदा दिवस' केले व सही दिली. छापील मसुदा अजून तोच आहे, तेव्हा पुढील ग्राहकांनी ही दुरुस्ती मागून घ्यावी. याउलट, पिल्लू कोणत्याही वयात सांभाळणे अशक्य झाल्यास ते परत त्यांच्याकडेच द्यावे, हे कलम मी अन्य कोणाच्या करारात पाहिलेले नाही. केनेल क्लबचे कागद येण्यास बराच विलंब झाला, आणि त्याबद्दल आम्हालाच वारंवार विचारावे लागले.

पाचपैकी चार गुण देताना कापलेला एक गुण मुख्यतः नराच्या एक्स-रेचा आहे. मादीला विश्रांती असल्याने या वर्षी त्यांच्याकडे पिल्ले होणार नाहीत. पुढील खेपेसाठी काकू नावे लिहून घेतात, परंतु पिल्ले तीन आठवड्यांची होऊन त्यांचे डोळे-कान नीट उघडेपर्यंत कोणाकडूनही एक रुपया आगाऊ घेत नाहीत, आणि भेटीची वेळ संध्याकाळी पाचनंतरचीच असते.