ट्राजनचं ‘खरं’ नाणं घेताना: माझी फसवणूक कशी झाली

इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंच्या बाजारात रोमन नाणी घेणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितो आहे. मला तिथे सम्राट ट्राजनचं चांदीचं नाणं, म्हणजे देनारियस, 280 पौंडांना विकण्यात आलं. ते आपल्या काळात ओतलेलं निघालं.

मी कोल्हापूरचा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये पाहत वाढलो, रोमन वस्तूंची ओढ तिथून लागली. त्यामुळे नाणं हातात घेतल्यावर मी ते नीट वाचलं. रोमन सम्राटांच्या नाण्यांवर साल नसतं, ते पदव्यांवरून काढावं लागतं. यावर जर्मानिकस होतं, ही पदवी इ.स. 97 ची. डाकिकस होतं, ती 102 ची. सहाव्यांदा कॉन्सल या रोममधल्या मानाच्या पदावर असल्याचा उल्लेख होता, म्हणजे 112 किंवा त्यानंतरचं. आणि 114 मध्ये मिळालेली ऑप्टिमस ही पदवी चेहऱ्याभोवतीच्या नावात अजून आलेली नव्हती, म्हणजे त्याआधीचं. मागच्या बाजूला ट्राजनचा स्तंभ, ज्याचं लोकार्पण 113 मध्ये झालं. स्तंभाच्या टोकावर ट्राजनचा पुतळा कोरलेला. आज रोममध्ये त्या जागी संत पीटरचा पुतळा दिसतो, तो 1587 मध्ये बसवला. एवढ्याशा चांदीच्या तुकड्यावर इतकं सगळं वाचता येतं, याचा मला आजही आनंद वाटतो. ओसीआरई या मोफत ऑनलाइन सूचीतही नोंद सापडली. अक्षर न् अक्षर जुळलं.

ते जुळणारच होतं. बनावट करणाऱ्याने अस्सल नाण्याचाच साचा घेतला होता. अक्षरांवरून कळतं ते मूळ ठसा कोणत्या सालचा आहे एवढंच. हातातला धातू कधी घडवला, याबद्दल ती अक्षरं काहीही सांगत नाहीत. विकणाऱ्याने तारखांबद्दल जे जे सांगितलं ते सगळं बरोबर होतं आणि त्याच बरोबर माहितीच्या जोरावर त्याने खोटं नाणं खपवलं. हा प्रकार ओळखायला अवघड आहे तो यामुळेच.

खरा तपास धातूवर करायचा असतो. रोमन टांकसाळीत तापवलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवून घणाने नाणं पाडत. त्या आघाताने धातू बाहेरच्या दिशेने सरकतो, काठाला चिरा जातात, अक्षरांच्या कडा धारदार उमटतात. माझ्या नाण्याची अक्षरं भिंगाखाली साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसली. खोलगट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे होते, ते ओतताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचे. काठावर कानस फिरवल्याची रेघ होती, दोन अर्ध्या साच्यांचा सांधा घासून काढलेला. वरचा काळपटपणा अ‍ॅसिटोनच्या बोळ्यावर चक्क उतरला. वजन भरलं 2.6 ग्रॅम. ट्राजनचे चांगल्या अवस्थेतले देनारियस साधारण तीन ग्रॅमच्या वरच असतात.

शेवटची खात्री फोटोंनी झाली. संग्राहक मंडळी बनावट नाण्यांचे फोटो एकत्र जमवून ठेवतात. तिथे माझ्या नाण्याचं जुळं सापडलं: काठाची तीच चीर, गालावर तोच ओरखडा. एकाच ठशाने पाडलेल्या दोन नाण्यांवर चित्र सारखं असतं, पण चकतीचा आकार, छाप किती सरकली आहे, चिरा आणि पुढे वापरात पडलेले ओरखडे हे दोन्हींवर सारखे येऊच शकत नाहीत. सारखे आले तर दोन्ही एकाच साच्यातली.

विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं काहींनी मला म्हटलं. मला ते पटत नाही. नाणं इंग्लंडमधल्या नॉरफकच्या शेतात सापडलं आणि लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे त्याची नोंद आहे, असं सांगून त्याने नोंदीचा क्रमांकही लिहून दिला होता. या योजनेच्या माहितीकोशात 15 लाखांहून अधिक वस्तू आहेत आणि तो कुणालाही उघडून पाहता येतो. त्या क्रमांकावर कपड्याला लावायची एक पिन निघाली. पावतीवर सम्राटाचं नाव नव्हतं, काळ नव्हता, फक्त ‘चांदीचं नाणं’. सोबतचं प्रमाणपत्र त्याने स्वतःच छापलेलं. आणि रोख दिले तर 30 पौंड कमी, असं सांगून त्याने कार्ड टाळलं. ब्रिटनमध्ये 100 पौंडांवरची खरेदी क्रेडिट कार्डाने केली असती, तर कायद्याने कार्ड कंपनीकडेही दाद मागता आली असती. तो मार्ग त्याने आधीच बंद केला.

कागदपत्रांबद्दल आणखी एक. ज्युलियस सीझरला मारणाऱ्यांपैकी ब्रुटस, त्याचं एक सोन्याचं नाणं 2020 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 42 लाख डॉलरला गेलं. त्याच्या मालकीचा इतिहास खोटा होता आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं. तिथे नाणं अस्सल आणि कागद बनावट. म्हणजे कागद आणि नाणं, दोन्ही वेगवेगळे तपासायला हवेत. दुकानदार अस्सलपणाची मुदत नसलेली हमी, सम्राटाचं नाव, काळ आणि वजन पावतीवर लिहून देत नसेल, तर नाणं कितीही देखणं असो, पैसे देऊ नका.

मी ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे दुकानदारांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे जाण्यासाठी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. ट्राजनच्या स्तंभाचं देनारियस कुणी दाखवलं, तर चेहऱ्याच्या बाजूला डोळ्याखालून हनुवटीकडे उतरणारा तिरपा ओरखडा आणि मानेच्या खाली काठाला गेलेली चीर आहे का, ते आधी पाहा.