सॉल्ट-एन-पेपाचा 'व्हेरी नेसेसरी': आठ महिने रोज ऐकल्यावर

माझी मावशी न्यू जर्सीला असते, मागच्या वेळी येताना तिच्या जुन्या सीडींचा गठ्ठा घेऊन आली त्यात या अमेरिकन रॅप ग्रुपची ही सीडी होती. तोपर्यंत मला यांचं फक्त 'पुश इट' माहीत होतं. सीडी आधी गाडीत लावली, मग फोनवर उतरवून घेतली आणि आता नाइट शिफ्टच्या कॅबमधे इअरफोनवर रोज असतेच. लगेच लिहिलं नाही ते बरं झालं, कारण या आठ महिन्यांत माझं मत दोनदा तरी बदललंय.

आधी थोडं या बायकांबद्दल सांगते. सॉल्ट म्हणजे शेरिल जेम्स, पेपा म्हणजे सँड्रा डेंटन आणि डीजे स्पिंडरेला म्हणजे डेइड्रा रोपर. सॉल्ट आणि पेपा न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात एकाच कम्युनिटी कॉलेजात शिकत होत्या आणि सिअर्स या दुकानांच्या साखळीच्या कॉल सेंटरला कामाला होत्या, तिथेच हर्बी अझॉर नावाचा मुलगा होता, त्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गाणं रेकॉर्ड करायचं होतं म्हणून त्याने या दोघींना उभं केलं आणि तिथून सगळं सुरू झालं. मी स्वतः सहा वर्षं हेडसेट लावून अनोळखी माणसांशी बोलतेय. त्यामुळे हे कळल्यावर मला त्यांचं बोलणंच वेगळं ऐकू यायला लागलं. कितीही फास्ट रॅप असू दे, शब्द गिळलेला नाही, आणि एकीची ओळ संपते न संपते तोच दुसरी ती उचलते, शेजारच्या सीटवरची मैत्रीण आपलं वाक्य पुरं करते ना, अगदी तसं.

हा त्यांचा चौथा अल्बम, ऑक्टोबर १९९३ चा. पहिले दोन महिने मी खरं सांगायचं तर तीनच गाणी ऐकत होते. 'शूप', 'व्हॉटा मॅन' आणि 'नन ऑफ युअर बिझनेस'. 'शूप' मधे बायका रस्त्याने जाणाऱ्या पुरुषाकडे बघतायत आणि तो कसा दिसतो ते मजेत, न लाजता सांगतायत. आपण आयुष्यभर उलटं ऐकत आलोय, गाण्यात बघणारा तो आणि बघितली जाणारी ती. इथे ती बघतेय, आणि कुठेही किळसवाणं होत नाही, उलट ऐकताना चालण्यात एक ठेका येतो. या गाण्याच्या लिखाणात आणि प्रॉडक्शनमधे दोघींचं स्वतःचं नाव आहे आणि ते जाणवतं. सुरुवातीच्या अल्बमांत हर्बीचा हात सगळीकडे होता, इथे लगाम बराचसा त्यांच्या हातात आलाय.

'व्हॉटा मॅन' मूळ लिंडा लिंडेलचं १९६८ चं सोल गाणं, त्याचा धागा घेऊन एन व्होग या गायिकांच्या ग्रुपने काय सुंदर हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, गायलीय. चांगल्या पुरुषाचं मनापासून कौतुक, बस. पण हेच गाणं मला पुढे वेगळं कळलं, कारण याच अल्बममधे 'सोमा टाइम मॅन' पण आहे आणि तिथे भरवशाच्या नसलेल्या माणसाला चांगलं झापलंय. जिथे कौतुक तिथे कौतुक, जिथे झापायचं तिथे झापायचं. एकतर पुरुषांना शिव्या नाहीतर त्यांच्या मागे रडारड, असं काही नाही, हे मला फार आवडतं.

आणि 'नन ऑफ युअर बिझनेस'. मी घटस्फोटानंतर माहेरी परत आले तेव्हापासून बिल्डिंगमधे काय काय ऐकलंय ते इथे नको. मी कोणाबरोबर असते, किती वाजता घरी येते, हे तुमचं काम नाही, एवढंच हे गाणं सांगतं आणि ठणकावून सांगतं. पहाटे कॅब गेटला लागली की मी मुद्दाम हेच लावते आणि मान वर ठेवून जिना चढते. याच गाण्याला १९९५ मधे ग्रॅमी मिळालं, ग्रुपच्या रॅपसाठीचं, आणि त्याच वर्षी सोलो रॅपचं क्वीन लतिफा या रॅपरला. आता यातलं खास म्हणजे १९८९ मधे रॅपला पहिल्यांदा ग्रॅमी द्यायचं ठरलं तेव्हा यांना नॉमिनेशन होतं, पण तो पुरस्कार टीव्हीवर दाखवणार नाहीत म्हटल्यावर या गेल्याच नाहीत. सहा वर्षांनी जिंकून नेलं!

आता जे खटकतं ते. उत्तरार्धात अल्बम रेंगाळतो. 'सेक्सी नॉइझेस टर्न मी ऑन' मी आता सरळ पुढे ढकलते, घरात आई असताना तर नाहीच, पण एकटी असतानाही त्यात फारसं काही सापडत नाही. स्पिंडरेलाचा हात अजून ऐकायला मिळायला हवा होता असं दर वेळी वाटतं, तिचं स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड मागेपुढे घासून काढलेला आवाज, आलं की मी आवाज वाढवते आणि ते लगेच संपतं. आणि साध्या इअरफोनवर बेस निम्मा जातो हो, गाडीत दारं हलतात तेव्हा कळतं काय केलंय ते.

'हेवन ऑर हेल' मला उशिरा सापडलं. पार्टीच्या गाण्यांच्या मधेच हे रस्त्यावरच्या हिंसेबद्दल, आजूबाजूला बिघडत चाललेल्या जगाबद्दल बोलायला लागतं, आवाज तोच पण हसू गेलेलं. आता माझं सगळ्यात आवडतं हेच.

शेवटचा ट्रॅक मी कितीतरी महिने ऐकलाच नव्हता. ते गाणं नाहीचे, बॉस्टनच्या मुलामुलींच्या एका नाटक ग्रुपने केलेला छोटा प्रवेश आहे, एक मुलगी तिच्या बॉयफ्रेंडला सांगतेय की एचआयव्हीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. संगीत नाही, नुसती दोघांची बोलणी आणि घाबरलेले आवाज. मला वाटायचं हे कशाला शेवटी चिकटवलंय. मग एका रात्री कॅब ट्रॅफिकमधे अडकली म्हणून तो वाजत राहिला आणि मी हलले. अमेरिकेत ५० लाखांवर प्रती विकला गेलेला अल्बम आहे हा, म्हणजे 'शूप' साठी सीडी घेतलेल्या किती पोरींच्या खोलीत हे संभाषण वाजलं असेल, जे त्यांच्याशी घरात कोणीच बोललं नसेल. माझ्याशी पण नव्हतं कोणी बोललं.

माझ्या मामेबहिणीची मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला फोनवरची गाणी पाठवणार होते पण मग सीडीच दिली, आतल्या कागदासकट. शेवटचा ट्रॅक स्किप करू नकोस, एवढंच तिला सांगितलंय.